लिस्बनला पहिल्यांदा जाताय? नकाशात अंतर नाही, उंची बघा

लिस्बनचा बेत आखताना बहुतेक जण फोनवरच्या नकाशात अंतर बघतात आणि तिथेच फसतात. रोसियो चौकापासून किल्ला जेमतेम एक किलोमीटरवर दिसतो. मग "चालतच जाऊ की" असं ठरतं. तो किलोमीटर शंभरेक मीटर चढाचा आहे, मध्ये पायऱ्या आहेत आणि पायाखाली घासून गुळगुळीत झालेला चुनखडीचा दगड आहे, हे नकाशा सांगत नाही. दिवसात असे तीन चढ झाले की ज्येष्ठ मंडळी संध्याकाळी हॉटेलातून हलत नाहीत आणि मुलं रस्त्यातच बसकण मारतात.

म्हणून मुख्य सल्ला आधीच सांगून टाकते. वर जाताना बस, लिफ्ट, सरकता जिना, जे मिळेल ते घ्या. खाली उतरताना पायी या. आणि एका दिवशी एकच टेकडी. बाकीचं सगळं या हिशोबात बसवायचं. ग्रुप टूरने जाणाऱ्यांची काळजी बस आणि टूर मॅनेजर घेतात. हा लेख स्वतःचं स्वतः जाणाऱ्यांसाठी आहे.

## १. व्हिसा आणि कागदपत्रं

(गोव्यातल्या ज्या वाचकांच्या कपाटात पोर्तुगीज पासपोर्ट आहे, त्यांनी थेट दुसऱ्या मुद्द्याकडे जावं.)

पोर्तुगाल शेंगेन गटात आहे, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात. पर्यटनासाठी शॉर्ट-स्टे शेंगेन व्हिसा लागतो. फी मोठ्यांना ९० युरो, ६ ते ११ वर्षांच्या मुलांना ४५ युरो, सहाच्या आतल्यांना माफ. व्हिसा अर्ज केंद्राचं सेवाशुल्क वेगळं. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि १५ दिवस आधीपर्यंत चालतो. पण १५ दिवसांवर कुणी विसंबू नये. उन्हाळी सुट्टीत जायचं असेल तर अपॉइंटमेंट मिळायलाच वेळ जातो, दोन-तीन महिने हातात ठेवा.

सोबत काय काय न्यायचं:

- पासपोर्ट: गेल्या दहा वर्षांतला, परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने वैध, दोन पानं कोरी. जुने पासपोर्टही बरोबर ठेवा.
- शेंगेन मापाचे अलीकडचे फोटो
- भरलेला अर्ज, कव्हरिंग लेटर आणि दिवसवार कार्यक्रम
- जाण्या-येण्याचं विमान बुकिंग आणि प्रत्येक रात्रीचं हॉटेल बुकिंग
- किमान ३०,००० युरोंचं कव्हर असलेला प्रवास विमा, सगळ्या शेंगेन देशांत चालणारा
- बँक स्टेटमेंट, आयकर विवरणपत्रं
- नोकरदारांना सॅलरी स्लिप आणि रजेचं पत्र. धंदेवाल्यांना नोंदणीचे कागद
- मूल एकाच पालकाबरोबर जात असेल तर दुसऱ्याचं नोटराइज्ड संमतिपत्र

दोन गोष्टी नीट लक्षात ठेवा. पहिली, अर्ज ज्या देशात सर्वांत जास्त रात्री राहणार त्याच देशाकडे करायचा. रात्री सारख्या असतील तर जिथून शेंगेनमध्ये शिरणार त्याच्याकडे. "अमुक देशाचा पटकन मिळतो, तिथून टाकू" म्हणणारा एजंट भेटला तर त्याला नमस्कार करा. दुसरी, अर्जाच्या आदल्या आठवड्यात खात्यात कुठून तरी मोठी रक्कम आणून टाकू नका. ती तपासणाऱ्याच्या डोळ्यांत आधी भरते. बारीक पण कायम असलेली शिल्लक बरी. आणि व्हिसा हातात पडेपर्यंत रद्द करता येणारीच बुकिंग ठेवा.

ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेनच्या सीमेवर बोटांचे ठसे आणि चेहऱ्याचा फोटो घ्यायची नवी पद्धत सुरू झाली आहे. त्यात वेळ जातो. मधल्या कुठल्या शेंगेन शहरात विमान बदलणार असाल तर ही रांग तिथे लागते, लिस्बनला नाही. दोन विमानांमध्ये किमान तीन तास तरी हवेत.

## २. कधी आणि किती दिवस

एप्रिलचा मध्य ते जून, नाहीतर सप्टेंबर-ऑक्टोबर. जुलै-ऑगस्टमध्ये ऊन आणि गर्दी दोन्ही डोक्यावर बसतात. नोव्हेंबरपासून पाऊस असतो आणि पावसात तो दगडी फुटपाथ शेवाळलेल्या घाटासारखा होतो. खालून खाचा असलेले, रबरी तळाचे बूट घ्या. गुळगुळीत तळाचे स्नीकर्स आणि चपला घरीच राहू द्या.

१२ जूनची रात्र ही सेंट अँथनीच्या सणाची. अल्फामा या जुन्या वस्तीत गल्लोगल्ली सार्डिन भाजतात, गाणी चालतात, पाय ठेवायला जागा नसते. ते हवं असेल तर हॉटेल फार आधी धरा. नको असेल तर ते दोन-तीन दिवस टाळा.

शहरासाठी तीन पूर्ण दिवस, जवळच्या सिंत्रा या राजवाड्यांच्या गावासाठी एक. दोन दिवसांत उरकणारे उरकतात, पण पळापळ होते.

## ३. राहायचं कुठे

फोटो बघून अल्फामात खोली घेण्याचा मोह सगळ्यांना होतो. तिथे बऱ्याच गल्ल्यांत टॅक्सी शिरत नाही. २३ किलोची बॅग घेऊन दगडी पायऱ्या चढायच्या, इमारतीत लिफ्ट नाही आणि खोली चौथ्या मजल्यावर. बाइरो आल्तो भागात रात्री उशिरापर्यंत बार चालतात; झोप हवी असेल तर तिथेही नको.

कुटुंबाला सोयीचा म्हणजे बायशा, शहराचा सपाट मध्यभाग. थोडं स्वस्त हवं असेल तर मेट्रोच्या हिरव्या लाइनवरचे आंजोस, आरोइओस, इंतेंदेंते हे भाग बघा. आंतोनियो कोस्ता लिस्बनचे महापौर असताना त्यांनी आपलं कार्यालयच इंतेंदेंतेच्या चौकात हलवलं होतं, तेव्हापासून त्या बदनाम वस्तीचं रूप पालटत गेलं. हे कोस्ता मूळ गोव्याच्या घराण्यातले. पुढे पोर्तुगालचे पंतप्रधान झाले आणि आता युरोपियन कौन्सिलचे अध्यक्ष आहेत. इथून मार्तिं मोनिझ चौक जवळ आहे आणि तिथल्या बेनफोर्मोसो रस्त्यावर बांगलादेशी, नेपाळी, भारतीय दुकानं आहेत. आटा, डाळ, हिरवी मिरची, कोथिंबीर सगळं मिळतं. स्वयंपाकघर असलेली खोली घेतली असेल तर हा पत्ता सोन्याचा आहे.

हॉटेल बुकिंगच्या रकमेत बहुधा नसलेला एक खर्च म्हणजे शहराचा पर्यटन कर: माणशी रात्रीला ४ युरो, जास्तीत जास्त सात रात्रींचा, १३ वर्षांपासून पुढच्यांना. चौघांचं कुटुंब असेल तर आकडा जाणवतो.

## ४. विमानतळ आणि प्रवासाचं कार्ड

विमानतळ शहरातच आहे. मेट्रोची लाल लाइन तिथूनच सुटते. आलामेदा स्टेशनला उतरून हिरवी लाइन धरली की रोसियो, बायशा. सामान जास्त असेल तर ॲपवरची टॅक्सी चौघांत परवडते.

मशिनवर "नावेगांते" नावाचं कार्ड घ्या. कार्डाचे अर्धा युरो, वर पैसे भरायचे. यात तीन भानगडी आहेत:

- एका कार्डावर दोघं चालत नाहीत. प्रत्येकाचं वेगळं कार्ड.
- एका वेळी एकाच प्रकारचं तिकीट कार्डावर राहतं. २४ तासांचा पास संपेपर्यंत त्यावर दुसरं काही भरायला जाऊ नका.
- २४ तास पहिल्यांदा टॅप केल्यापासून मोजतात. दुपारी तीनला सुरू केला तर दुसऱ्या दिवशी तीनपर्यंत चालतो, त्यामुळे एका पासात दोन दिवसांचे चढ निघतात.

पास सात युरोंच्या आसपास आहे. ट्रामच्या चालकाकडून रोख तिकीट काढलं तर एकाच फेरीला तीन युरोंच्या वर जातात. मग हिशोब तुम्हीच करा. ज्या दिवशी सिंत्रा किंवा समुद्रकाठच्या काश्काइशची लोकल किंवा नदीपारची फेरी करायची असेल, त्या दिवशी कार्डावर "झॅपिंग" म्हणजे नुसते पैसे भरून ठेवा, ते या सगळ्यांत चालतात.

## ५. चढ कसे मारायचे

लेखातला सर्वांत कामाचा भाग हा.

शियादो, बायशाच्या वरचा भाग. बायशा-शियादो मेट्रो स्टेशनला एक दार खाली बायशात आणि दुसरं वर शियादोच्या चौकात आहे. मधल्या सरकत्या जिन्यांवर जायला तिकीट लागत नाही, कारण फाटकं आतल्या बाजूला आहेत. खालून शिरायचं, जिन्यांवर उभं राहायचं, वर कॅफे आ ब्राझिलेइराच्या दारात बाहेर पडायचं. बाहेर कवी फेर्नांदो पेसोआचा ब्राँझचा पुतळा टेबलाशी बसलेला आहे. त्याच्या शेजारच्या खुर्चीवर फोटोसाठी रांग असते.

किल्ला. बायशातल्या फांकेइरोस रस्त्यावर, क्रमांक १७० च्या आसपास, एका साध्या इमारतीच्या दारात किल्ल्याच्या लिफ्टचा फलक दिसेल. ती फुकट आहे. वर मादालेना रस्त्यावर बाहेर पडायचं, समोरचा छोटा चौक ओलांडायचा, तिथे सुपरमार्केटच्या इमारतीत दुसरी लिफ्ट. ती थेट किल्ल्याखालच्या रस्त्यावर सोडते. गुडघेदुखीवाल्यांसाठी आणखी सोपं म्हणजे फिगेइरा चौकातून सुटणारी ७३७ नंबरची छोटी बस, ती किल्ल्याच्या तोंडाशी नेते.

मोरारिया, किल्ल्याखालची जुनी वस्ती. मार्तिं मोनिझपासून वर चढायला उघड्यावर सरकते जिने बसवले आहेत. कधी कधी बंद असतात. पण चालू आहेत का ते आधी बघा, मगच पायऱ्यांना हात घाला.

सांता जुस्ता लिफ्ट. १९०२ ची, ४५ मीटर उंच, लोखंडी, देखणी. आयफेलने बांधली असं बिनदिक्कत सांगणारे भेटतील. तिचा अभियंता राऊल मेस्निए. खालची रांग तासभराचीही असू शकते. माझं मत विचाराल तर खालून फोटो काढा आणि शियादोमार्गे कार्मोच्या चौकात जा, तिथून लिफ्टच्या वरच्या पुलापाशी पायीच पोचता येतं.

उतारावरच्या रेल्वेगाड्या. ग्लोरिया, बिका, लाव्रा या दोरखंडाने ओढल्या जाणाऱ्या गाड्या एकोणिसाव्या शतकातल्या. ३ सप्टेंबर २०२५ ला ग्लोरियाची गाडी दोर सुटून घसरली आणि १६ जणांचा जीव गेला. त्यानंतर बाकीच्याही तपासणीसाठी थांबवल्या गेल्या. जुन्या प्रवासवर्णनांत यांचं वर्णन भरभरून असतं. निघण्याआधी आठवडाभर कोणती चालू आहे ते बघून घ्या आणि बेत त्यांच्यावर टांगून ठेवू नका.

२८ नंबरची ट्राम. पिवळी, लाकडी बाकांची, घरांच्या भिंतींना घासत जाणारी. सगळे मार्तिं मोनिझला रांगेत उभे राहतात. तुम्ही उलट करा: दुसऱ्या टोकाला, कांपो दे ओरिक भागात जाऊन सकाळी लवकर बसा. खिडकी मिळते. अकरानंतर मात्र ती पाहण्याची गोष्ट आहे, बसण्याची नाही. आत उभं राहणाऱ्यांचे खिसे साफ करणाऱ्या टोळ्या याच ट्रामवर पोट भरतात. पाकीट पुढे, सॅक पोटावर.

## ६. पहिला दिवस: सपाटीवर

जेट लॅग असतो, चढ नकोत. बायशातच फिरा. पण हा भाग इतका सरळ, चौकोनी का आहे हे ठाऊक असेल तर बघायला मजा येते.

१ नोव्हेंबर १७५५, ऑल सेंट्स डे. सकाळी साडेनऊच्या पुढे लोक चर्चमध्ये प्रार्थनेला जमलेले असताना भूकंप झाला. मग तेजो नदीतून समुद्राची लाट आत शिरली. चर्चमधल्या मेणबत्त्यांनी आणि घरच्या चुलींनी पेट घेतला, आग कित्येक दिवस धुमसत राहिली. राजवाडा गेला, त्याचं ग्रंथालय गेलं, त्याच वर्षी उघडलेलं ऑपेरा हाउस गेलं. पुढे मार्केस दे पोंबाल म्हणून ओळखला गेलेला मंत्री कामाला लागला आणि नदीकाठच्या गाळाच्या जमिनीवर आखीव रस्त्यांचं नवं शहर उभं राहिलं. भिंतींच्या आत लाकडी पिंजरा बसवायची सक्ती झाली, म्हणजे धक्का बसला तर इमारत डोलेल, कोसळणार नाही. नमुन्याभोवती सैनिकांना पाय आपटत कवायत करायला लावून तो पिंजरा तपासला असं सांगतात. रस्त्यांना धंद्यांची नावं दिली: सोन्याचा, चांदीचा, चांभारांचा, कापडवाल्यांचा.

तीन ठिकाणी थांबा. नदीकाठचा कोमेर्सियो चौक, जिथे तो राजवाडा होता. वर शियादोत कार्मोचं चर्च, ज्याचं छप्पर मुद्दाम पुन्हा घातलंच नाही. उघड्या कमानींतून आकाश दिसतं. आणि रोसियोजवळचं साओ दोमिंगोस चर्च, जे पर्यटक बाहेरून बघून निघून जातात. आत जा, तिकीट नाही. १९५९ मध्ये इथे मोठी आग लागली. खांबांचे कोपरे उष्णतेने तडकून गळून पडलेत, दगड काळवंडलेत, आणि त्या तशाच खांबांवर नवं लालसर छत चढवलंय. बाहेरच्या चौकात १५०६ च्या ज्यूंच्या कत्तलीचं स्मारक आहे.

## ७. दुसरा दिवस: किल्ला आणि अल्फामा, वरून खाली

७३७ ने किल्ल्यावर जा, मग दिवसभर फक्त उतरा. किल्ला ११४७ मध्ये पोर्तुगालचा पहिला राजा आफोन्सो एन्रिकेस याने मुसलमान सत्तेकडून जिंकला. आज दिसणारे बुरूज मात्र बरेचसे गेल्या शतकातल्या डागडुजीचे. तिकीट महाग आहे. नुसता देखावा हवा असेल तर ग्रासा भागातलं सेन्योरा दो मोंते हे ठिकाण जास्त उंच आणि फुकट आहे, २८ नंबर ट्रामच्या रस्त्याजवळच. किल्ल्यात जायचंच असेल तर उघडण्याच्या वेळी.

अल्फामा खडकावर आहे, म्हणून १७५५ मध्ये बराचसा वाचला. इथे नकाशा बंद करा. उतार जिकडे नेईल तिकडे गेलात की नदीच लागते, चुकून चुकणार कुठे? फादो, म्हणजे इथलं उदास सुरांचं गाणं, ऐकायचं असेल तर संध्याकाळी. जेवणासकट किमान खर्च किती ते दारातच विचारा. गाणं सुरू झालं की दिवे मंद करतात आणि बोलणं बंद. फोन तर नाहीच.

कॅथेड्रलच्या शेजारी आल्जुबे म्हणून इमारत आहे. हुकूमशहा सालाझारच्या राजवटीत १९६५ पर्यंत इथे राजकीय कैद्यांना ठेवत. आता संग्रहालय आहे. मराठी माणसाने हे चुकवू नये असं मला वाटतं. गोवा मुक्तिसंग्रामातले मोहन रानडे, मूळचे सांगलीचे, १९५५ मध्ये पकडले गेले आणि पुढे त्यांना लिस्बनजवळच्या काशियासच्या तुरुंगात आणलं. १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला तरी ते आतच होते. सुटले १९६९ मध्ये. काइश दो सोद्रे स्टेशनहून काश्काइशच्या समुद्रकिनाऱ्यावर जाणारी लोकल काशियास स्टेशनवरूनच जाते. डावीकडे समुद्र असतो, सगळे तिकडे बघत असतात.

## ८. तिसरा दिवस: बेलेम

हा भाग पुन्हा सपाट. काइश दो सोद्रेहून लोकलने काही मिनिटांत पोचता. १५ नंबरची ट्रामही जाते, पण ती गच्च भरलेली असते. सोमवारी जाऊ नका, जेरोनिमोस मठ बंद असतो. "पहिल्या रविवारी फुकट" ही जुनी माहिती आहे. ती सवलत आता पोर्तुगालच्या रहिवाशांपुरती आहे.

मठाला दोन रांगा असतात. तिकीटवाली आतल्या चौकासाठी, आणि बिनतिकिटाची चर्चसाठी. चर्चमध्ये शिरल्यावर लगेच एका बाजूला वास्को द गामाची कबर, दुसऱ्या बाजूला कवी कामोइंशची. गामा १५२४ मध्ये कोचीत वारला; अस्थी नंतर इकडे आणल्या. वेळ असेल तर आतला चौक जरूर बघा: दगडात कोरलेले दोरखंड, गाठी, समुद्री वनस्पती, आणि मिऱ्याच्या व्यापारावरच्या करातून उभा राहिलेला पैसा. मलबारच्या मिऱ्याचा केवढा मोठा वाटा त्यात आहे, याची पाटी मात्र शोधावी लागते.

नदीकाठच्या शोधस्मारकावर गामा, गोवा जिंकणारा आल्बुकेर्क आणि जुन्या गोव्यात ज्यांचं शव आहे ते सेंट फ्रान्सिस झेवियर, सगळे एका रांगेत कोरलेत. सध्याचं दगडी स्मारक १९६० चं, म्हणजे गोवा सुटायच्या आदल्या वर्षीचं. खाली फरशीवर जगाचा मोठा नकाशा आहे, त्यात आपला किनारा शोधा.

बेलेमचा बुरूज २०२५ मध्ये दुरुस्तीसाठी बंद झाला होता, उघडा आहे का ते बघून जा. आत नाही गेलात तरी फार बिघडत नाही. वायव्य कोपऱ्यातल्या गुमटीच्या तळाशी बाहेरून बघा: झिजलेलं, नाक गेलेलं एक गेंड्याचं डोकं आहे. गुजरातचा सुलतान मुजफ्फरशाह याने आल्बुकेर्कला गेंडा भेट दिला, तो जानेवारी १५१५ मध्ये गोव्याहून जहाजावर चढला आणि २० मे रोजी लिस्बनला उतरला. राजाने त्याची हत्तीशी झुंज लावली. हत्ती पळून गेला. पुढे पोपला नजराणा म्हणून पाठवताना जहाज इटलीजवळ बुडालं. जर्मन चित्रकार आल्ब्रेश्ट ड्यूररने तो न बघताच नुसत्या वर्णनावरून आणि एका कच्च्या रेखाटनावरून त्याचं प्रसिद्ध चित्र केलं.

जवळच १८३७ पासूनचं पास्तेइश दे बेलेम, कस्टर्ड टार्टचं दुकान. बाहेरची लांब रांग बांधून नेणाऱ्यांची असते. आत बसायला शेकडो जागा आहेत, सरळ आत जा. कस्टर्डमध्ये अंडं असतं, न खाणाऱ्यांनी लक्षात ठेवा.

## ९. सिंत्रा, सोमवारी

लिस्बनची बरीच संग्रहालयं सोमवारी बंद, सिंत्राचे राजवाडे चालू. म्हणून सोमवार सिंत्राला द्या. रोसियो स्टेशनहून लोकल, सुमारे ४० मिनिटं. पेना राजवाड्याचं वेळ ठरलेलं तिकीट आधी ऑनलाइन काढा, आणि ती वेळ राजवाड्याच्या दाराची असते, बागेच्या फाटकाची नाही. फाटकापासून चढून पोचायला अर्धा तास धरा. गर्दीचा कंटाळा असेल तर पेना सोडून मोन्सेराते बघा. शांत आहे, नक्षीवर हिंदुस्थानी छाप आहे.

## १०. खाणं

हॉटेलात बसताच ब्रेड, ऑलिव्ह, चीज टेबलावर येतं. ते फुकट नाही. "कुवेर्त" म्हणतात, खाल्लं तर बिलात लागतं. नको असेल तर हात न लावता परत न्यायला सांगा, कुणाला राग येत नाही.

मासे खाणाऱ्यांची चंगळ आहे. बाकाल्याउ म्हणजे खारवून सुकवलेला कॉड. आर्सेनाल रस्त्यावरच्या जुन्या दुकानांत त्याचे फळीएवढे तुकडे रचून ठेवलेले असतात. सुक्या मासळीची सवय असलेल्या कोकणी नाकाला तो वास ओळखीचाच वाटेल. दुपारी "प्रातो दो दिया" म्हणजे आजची थाळी मागा, स्वस्त आणि भरपूर. "मेया दोझ" म्हणजे अर्धी प्लेट, ती एका माणसाला पुरते.

शाकाहाऱ्यांनी "सोपा दे लेगुमेस" म्हणजे भाज्यांचं सूप मागावं, पण मटणाचा रस घातलाय का ते विचारून. काल्दो व्हेर्दे हे हिरवं सूप शाकाहारी दिसतं, त्यात सॉसेजची चकती तरंगत असते. "सें कार्ने, सें पेश" म्हणजे मांस नको, मासे नको. कॅफेच्या काचेत चामुसा दिसेल. तो आपला समोसाच, पण बहुधा आत खिमा असतो. घरच्यासारखं जेवण हवं असेल तर लुमियार भागात राधाकृष्ण मंदिर आहे, मोझांबिकमार्गे आलेल्या गुजराती मंडळींनी उभारलेलं. तिथे शाकाहारी कँटीन चालतं. गोव्याची शाकुती आणि बेबिंका देणारी छोटी हॉटेलंही शहरात आहेत.

नळाचं पाणी पिण्याजोगं आहे, बाटल्या विकत घेऊ नका.

## ११. फसवाफसवी

लिस्बनमध्ये मारामारी, लुटालूट कमी, हातचलाखी जास्त. बायशात भर दिवसा कुणी तरी जवळ येऊन कानात "हशीश" म्हणेल. ते बहुधा दाबून वडी केलेलं तमालपत्र असतं. उत्तर न देता चालत राहा.

एटीएममधून पैसे काढताना मशिन विचारतं, "रुपयांत रूपांतर करू का?" नाही म्हणा, युरोच निवडा. दुकानातल्या कार्ड मशिनलाही हेच उत्तर. बँकेच्या भिंतीतलं, "मुल्तिबांको" लिहिलेलं एटीएम बरं.

## १२. परतताना

विमानतळावर सामान तपासणीनंतर शेंगेनबाहेरच्या विमानांसाठी पासपोर्टची वेगळी रांग असते, आणि ती सकाळी भयंकर लांबते. थेट शेंगेनबाहेर निघणार असाल, उदाहरणार्थ दुबईमार्गे, तर तपासणी झाली की दुकानांत न रेंगाळता आधी ती रांग पार करा, खरेदी नंतर. खरेदीवरच्या करपरतीसाठी कागद केले असतील तर सामान चेक-इन करायच्या आधी ते मशिनवर नोंदवायचे, कारण वस्तू दाखवायला सांगू शकतात. मेट्रो पहाटे साडेसहाला सुरू होते. विमान त्याआधीचं किंवा नऊच्या आतलं असेल तर टॅक्सी आदल्या रात्रीच सांगून ठेवा.